घर दुरुस्त करायचे आहे, पाडायचे नाही

प्रति,
महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील बांधकामांचे नियम लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

विषय : गावठाणातील जुन्या दगड-मातीच्या घरांच्या दुरुस्तीला नियमांत जागा देण्याबाबत.

सविनय नमस्कार.

मार्च महिन्यात मी आमच्या गावातल्या घराच्या दुरुस्तीसाठी अर्ज केला. कामे तीन होती. तीन तुळयांची कुजलेली टोके बदलायची, मागच्या भिंतीचा पोट आलेला बारा फुटांचा भाग उतरवून त्याच दगडांनी पुन्हा रचायचा, आणि माळवदावरचा, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या सपाट छतावरचा, मातीचा भार कमी करायचा. घराची लांबी, रुंदी, उंची तीच राहणार होती. दारे-खिडक्या जिथल्या तिथे राहणार होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज परत आला. त्यावर एका ओळीचा शेरा होता : “जुने जीर्ण बांधकाम निष्कासित करून नवीन आरसीसी बांधकामाचा नकाशा सादर करावा.”

तोवर घर पाहायला कोणीही आले नव्हते.

मी त्या कार्यालयाचे नाव इथे लिहीत नाही. शेरा लिहिणाऱ्या साहेबांना मी जाऊन भेटले, ते माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, “मॅडम, माझ्याकडे नवीन बांधकामाचा नमुना आहे, वाढीव बांधकामाचा आहे. तुमची दुरुस्ती मी कुठे बसवू?” त्यांचा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर त्यांच्या टेबलावर मिळणार नाही, ते तुमच्याकडे आहे. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांना वाचता यावे म्हणून उघडे.

घर नऊ खणांचे आहे; दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. माझ्या पणजोबांनी बांधले. पुढे ओसरी, मग माजघर, मधे छोटा चौक, मागे धान्याचे बळद आणि न्हाणी. भिंती हात-दीड हात जाडीच्या, बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड दगड आणि मधल्या पोकळीत माती-खडी. वरच्या माळवदाचा मुख्य भार मात्र भिंतींवर नाही. तो सागवानी खांबांवर आहे, आणि हे खांब भिंतीच्या आतल्या अंगाला उभे आहेत; तुळयांची टोके तेवढी भिंतीत शिरलेली आहेत. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि ती याच घरात राहते. शहरात माझ्याकडे ती आठ दिवसांवर राहत नाही. तिला तिथेच राहायचे आहे आणि मला ती सुरक्षित छपराखाली राहायला हवी आहे. माझा स्वार्थ म्हणाल तर एवढाच.

आता तुळईचे सांगते, कारण माझी सगळी तक्रार त्या एका लाकडात आहे.

साधारण अठरा वर्षांपूर्वी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरावर थोडे कर्ज हवे होते. घर कागदोपत्री दगड-मातीचे. “पक्के करून घ्या, मग बघू,” असे त्यांना सांगण्यात आले. अण्णांनी मागच्या आणि उत्तरेच्या भिंतीला बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. जोत्याच्या कडेने कोबा ओतला. घर गुळगुळीत, करड्या रंगाचे दिसू लागले. पाहणाऱ्यांनी नावाजले.

चारच पावसाळ्यांत गिलाव्याखाली लोणा, म्हणजे ओलीतून येणारा क्षारांचा पांढरा थर, धरू लागला. पापुद्रे सुटले, त्यावर पुन्हा सिमेंट मारले. गेल्या दिवाळीत माजघराच्या छताला हलकासा झोल आलेला आईच्या नजरेस पडला. आम्ही सुतारमामांना बोलावले. त्यांनी तुळई जिथे भिंतीत शिरते तिथला गिलावा हातोडीने उडवला आणि पटाशी टेकवली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर आला तो ओला, काळपट भुसा, चहाच्या चोथ्यासारखा. मग मामांनी भिंतीपासून दोन हात अलीकडे त्याच तुळईवर हातोडी मारली. तिथे लाकूड खणखणीत वाजले. शंभर वर्षांचा साग भिंतीबाहेर जसाच्या तसा होता. भिंतीतली वीतभर लांबी तेवढी अठरा वर्षांत संपली होती.

कारण गवंड्याने दोन वाक्यांत सांगितले, आणि नंतर मी वाचले तेही तेच निघाले. सांधे मातीने भरलेली भिंत जमिनीतून ओल ओढते आणि पृष्ठभागावरून ती सोडून देते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा त्या वाफेला वाट देतो. सिमेंटचा कडक थर ती वाट बंद करतो. कोब्यामुळे जोत्याकडची वाटही बुजते, म्हणून ओल भिंतीतून वर चढते आणि सापडेल तिथून बाहेर पडू पाहते. आमच्या घरात तिला तुळईचे टोक सापडले. घर ‘पक्के’ करण्यासाठी केलेल्या कामाने ते कच्चे झाले. आज त्याच कच्चेपणावर बोट ठेवून तुम्ही ते पाडायला सांगता आहात.

माझ्या तक्रारी आता क्रमाने मांडते.

पहिली तक्रार शब्दाची. दुरुस्ती या शब्दाला कायद्यात मान आहे, कार्यालयातल्या नमुन्यात तो नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम ४३ विनापरवाना विकास करू नये असे सांगते, आणि लगेच परंतुकात म्हणते की देखभालीची, सुधारणेची किंवा फेरफाराची जी कामे इमारतीच्या आतल्या भागापुरती आहेत, किंवा ज्यांनी बाहेरचे रूप विशेष बदलत नाही, त्यांना अशी परवानगी लागत नाही. म्हणजे लिहिणाऱ्यांनी विचार केला होता. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ इमारत उभारणे आणि पुन्हा उभारणे यांविषयी बोलते. माझी इमारत तर उभीच आहे. उलट बाजूला राष्ट्रीय इमारत संहितेत फेरबदलाची जी व्याख्या आहे, तिच्यात भिंत, खांब, तुळई, छत यांतले काहीही कापणे किंवा काढणे येते. त्या व्याख्येने कुजलेली तुळई काढून तशीच दुसरी बसवणारा आणि रस्त्याकडची भिंत फोडून दुकानाचे शटर बसवणारा, दोघे एकाच रांगेत उभे राहतात. एक जण घर वाचवतो आहे, दुसरा त्याचा आधार काढतो आहे. नमुना भरून घेणाऱ्याला हा फरक दिसण्याची सोयच नाही.

मुंबई आणि काही क्षेत्रे वगळता राज्यभरासाठी डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. वेगवेगळ्या गावांचे वेगवेगळे नियम एका जागी आले, हे चांगले झाले. पण ती हाती धरून वाचताना सतत जाणवते की तिच्या डोळ्यांसमोर मोकळा भूखंड आहे. वारसा यादीतल्या वास्तूंसाठी तिच्यात तरतूद आहे. यादीत नसलेले, कुणाही थोर माणसाचा जन्म न झालेले, साधे शंभर वर्षांचे राहते घर मात्र अधांतरी राहते. गावठाणात अशी घरे गल्लीगल्लीत आहेत.

विशेष म्हणजे जिथे कायदा सर्वांत कडक आहे तिथे दुरुस्तीला स्वतंत्र दार ठेवलेले आहे. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण, ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात आली. त्याच कायद्यात प्रतिबंधित क्षेत्रातल्या जुन्या घराच्या मालकाला दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी वेगळा अर्ज करता येतो. किल्ल्याच्या तटाला लागून असलेल्या माणसाला जो शब्द मिळतो, तो माझ्या गावातल्या माणसाला का मिळू नये?

दुसरी तक्रार मोजमापाची. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी, असे संहिता म्हणते. नवीन घराला हे माप योग्यच आहे. आमचे माजघर त्यापेक्षा वीतभर कमी भरते. ती वीत मिळवायची तर सगळे माळवद उतरवून खांब वाढवावे लागतील, म्हणजे जो सांगाडा शंभर वर्षे हललेला नाही तो मोडावा लागेल. खिडक्यांचे तसेच. उष्ण कोरड्या हवेत खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या एक दशांश असावे, असे माप आहे. माजघराला रस्त्याकडे खिडकी नाही, पण चौकाकडे दोन दारे आहेत आणि माळवदात सवणे, म्हणजे उजेडासाठी ठेवलेले भोक, आहे. दुपारी बाराला त्या सवण्यातून उजेडाचा जो खांब खाली उतरतो, त्यात बसून मी लहानपणी पाढे लिहिले. तपासणीच्या कागदात सवण्याला रकाना नसल्याने माझे माजघर शून्य खिडक्यांचे ठरले. आणि मे महिन्यात त्या खोलीत पंख्याशिवाय झोपता येते, हे कुठे लिहायचे ते मला सापडले नाही.

तिसरी : अभियंत्याच्या दाखल्याच्या नमुन्यात काँक्रीटची प्रत आणि सळईचा व्यास विचारला आहे. भिंतीची जाडी, दगडाचा सांधा, लाकडाची स्थिती, चुन्याचा प्रकार, यांतले काहीच विचारलेले नाही. मी तीन अभियंत्यांकडे गेले. तिघेही सज्जन. दोघांनी सांगितले की आम्हाला दगड-मातीच्या भिंतीचे गणित कधी शिकवलेच नाही, सही कशी करू? तिसरे म्हणाले, सही करतो, पण आरसीसीचे चार खांब आत घालू. त्या चार खांबांसाठी जोत्यालगत चार खड्डे खणावे लागले असते. जुन्या भिंतीच्या पायाशी असे खड्डे खणायचे, याच कल्पनेने आमच्या गवंड्याने कपाळाला हात लावला.

चौथी तक्रार शेजाऱ्यांची म्हणूनही मांडते. गावठाणात घरे खांद्याला खांदा लावून उभी असतात. आमची पूर्वेची भिंत समाईक आहे, तिच्यावर पलीकडच्या काकांच्या घराच्या कड्या, म्हणजे छताची आडवी लाकडे, टेकल्या आहेत. आमचे घर निष्कासित झाले की त्यांच्या कड्या कशावर राहतील? शिवाय नवे बांधताना पुढे अंतर सोडावे लागेल, असे मला सांगण्यात आले. ते सोडले तर आमची ओसरी संपते. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या, तेव्हा आम्हाला आनंद झाला. आता निदान घराची हद्द कागदावर आली. त्या हद्दीतले घरच जायचे असेल तर त्या पत्रिकेवर उरेल ती रिकामी जागा.

आता पाचवी, भूकंपाविषयीची. तिला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण तुमचा सर्वांत मोठा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप तिथे आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला चार-पाच मिनिटे होती. किल्लारी आमच्यापासून दूर, पण आमच्याही फळीवरची भांडी खाली आली. मी तेव्हा शाळेत होते. अण्णांनी मला आणि धाकट्या भावाला अंगणात ओढून नेले. दुसऱ्या दिवशी गावातून भाकरी गोळा करून ट्रक गेले, आणि परतलेली माणसे कितीतरी दिवस बोलत नव्हती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडांखाली गेली. त्यानंतर मराठवाड्यात दगडी भिंतीकडे पाहून पोटात गोळा येतो, आणि तो आलाच पाहिजे. “तुम्हाला पुन्हा तेच हवे आहे का?” असे मला त्या कार्यालयात विचारले गेले. मला राग आला नाही. तो प्रश्न विचारायलाच हवा होता.

पण त्याचे उत्तरही ऐकून घ्या. ती घरे कशामुळे पडली, हे तज्ज्ञांनी तपासून लिहून ठेवलेले आहे. भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, म्हणून हादऱ्यात दोन्ही थर एकमेकांपासून सुटले. कोपऱ्यांत भिंती एकमेकींत गुंतलेल्या नव्हत्या. आणि डोक्यावर मातीचे अफाट ओझे होते. गळती लागली की दरवर्षी पावसाआधी माळवदावर नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही, असे पिढ्यान् पिढ्या चालले. हातभर जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरला सहाशे-सातशे किलो. मी माळवद हलके करायची परवानगी मागितली आहे ती यासाठीच. वरची माती उतरवून थर वीतभरावर आणायचा, मधे पाणी अडवणारा पडदा घालायचा, पन्हाळी बदलायच्या. माझ्या अर्जातल्या तीन कामांपैकी हे काम किल्लारीने शिकवलेले आहे, आणि त्यालाच किल्लारीच्या नावाने नकार मिळाला आहे.

दुसरे असे, की त्याच १९९३ साली भारतीय मानक ब्युरोने तीन मानके प्रसिद्ध केली : मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७, कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या बांधकामासाठी आयएस १३८२८, आणि इमारतींच्या दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी आयएस १३९३५. दगडी भिंतीत प्रत्येक ६०० मिलिमीटर उंचीला आणि आडवे १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता आरपार दगड घालावेत, हे त्यांत लिहिलेले आहे. दारा-खिडक्यांच्या वरून घराला सलग पट्टा फिरवावा, कोपरे बांधावेत, हे लिहिलेले आहे. उभ्या भिंतीत आरपार दगड नसेल तर जपून भोक पाडून, आकडा काढलेली सळई घालून आणि भोक काँक्रीटने भरून तसाच बंध तयार करता येतो. भूकंपानंतर राज्याच्या पुनर्वसन कार्यक्रमात घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण हा एक मोठा भाग होता. म्हणजे हे काम याच राज्याने, याच प्रकारच्या घरांवर करून पाहिलेले आहे. ते ज्ञान सरकारजमा आहे. ते तालुक्याच्या टेबलापर्यंत का पोहोचले नाही, हा माझा तुम्हाला खरा प्रश्न आहे.

आणि आरसीसी म्हटले की सुरक्षित, हेही खरे नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या, आणि भूकंपाचे केंद्र तिथून दोनशे किलोमीटरहून दूर होते. साहित्य कुठलेही असो, ते कसे जोडले आहे आणि कोणी पाहिले आहे, यावर माणसे वाचतात.

कोणी पाहिले आहे, या शब्दांपाशी मी थांबते. दुरुस्तीला परवानगी मिळत नाही म्हणून दुरुस्त्या थांबलेल्या नाहीत. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुले-माणसे हाताशी असताना, गुपचूप होतात. आमच्याच आळीत एका घरात मधला खांब अडचण होतो म्हणून काढला आणि लोखंडी गर्डर मातीच्या भिंतीवर टेकवला. दुसऱ्या घरी तर जुन्या मातीच्या भिंती तशाच ठेवून त्यांच्यावर थेट स्लॅब ओतला. त्या स्लॅबखाली दोन लहान मुले झोपतात. मालक निष्काळजी नाही. त्याने चार ठिकाणी विचारले, प्रत्येक ठिकाणी एकतर पाडा किंवा विचारू नका असे ऐकले, आणि मग सेंटरिंगवाल्याला बोलावले. ‘मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकू नकोस’ एवढे सांगणारा एक अधिकृत माणूस त्याच्या दारात आला असता तर त्याने ते ऐकले असते. तुमचा नियम दुरुस्तीकडे पाहत नाही म्हणून सर्वांत धोक्याची कामे तुमच्या नजरेआड होतात.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. चुना आता मिळत नाही, कारागीर नाहीत, म्हणून सिमेंट, असे म्हटले जाते. चुन्यासाठी आयएस ७१२ हे मानक आजही आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले अकरा आपल्या राज्यात आहेत. त्यांच्या दुरुस्तीला चुना लागणारच, चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, तो मळणारे हात लागणारच. ते हात गडाखालच्या गावांतलेच असतील, तर त्याच हातांना स्वतःच्या गावातल्या भिंतीवर काम करण्याची अधिकृत मुभा असायला काय हरकत आहे?

जुन्या इमारतींसाठी वेगळा नियम करणे अवघड नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात पूर्वी दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांपुढे गेला की सगळी इमारत नव्या नियमांत बसवावी लागे. लोक दुरुस्ती टाळू लागले. १९९८ मध्ये त्यांनी जुन्या इमारतींसाठी स्वतंत्र उपसंहिता केली. कामाची वर्गवारी केली : दुरुस्ती, नूतनीकरण, फेरबदल, पुनर्रचना. ज्या प्रकारचे काम, त्या प्रमाणात अटी. हे आपल्याला मराठीत, आपल्या घरांसाठी लिहिता येईल.

माझ्या मागण्या अशा :

१. जुन्या राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र अर्ज-नमुना काढा. त्यात भिंतीचे साहित्य, लाकडी सांगाडा, छताचा प्रकार, समाईक भिंती आणि ओलीची कारणे यांचे रकाने असू द्या.

२. आहे त्या जागी, आहे त्या मापात होणाऱ्या दुरुस्तीला नवीन बांधकामाची अंतरे, उंची आणि खिडक्यांची मापे लावू नका. काम झाल्यावर घर आधीपेक्षा अधिक सुरक्षित असले पाहिजे, ही अट घाला. ती अट मी आनंदाने पाळीन.

३. घर पाहिल्याशिवाय ‘निष्कासित करावे’ असा शेरा कोणत्याही राहत्या घरावर लिहिला जाऊ नये. पाहणीचा अहवाल घरमालकाला लेखी मिळावा, त्यात धोका नेमका कुठल्या भागाला आहे ते लिहिलेले असावे.

४. आयएस १३८२७, १३८२८ आणि १३९३५ यांतल्या दुरुस्तीच्या तरतुदी चित्रांसह सोप्या मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा. गवंड्याला चित्र कळते.

५. आरपार दगड घालणे, माळवदाचा भार कमी करणे, सलग पट्टा फिरवणे, ही कामे सुरक्षेची कामे म्हणून जाहीर करा. त्यांचे अर्ज पावसाळ्यापूर्वी निकाली निघतील अशी मुदत बांधा. मार्चमधला अर्ज जूनमध्ये परत येतो तेव्हा माळवद उघडायची वेळ निघून गेलेली असते.

६. प्रत्येक तालुक्यात निदान एक अभियंता दगड, माती, चुना आणि लाकूड या बांधकामाचे प्रशिक्षण घेतलेला असावा, आणि त्याची सही ग्राह्य धरली जावी. त्याच्यासोबत जुन्या गवंड्या-सुतारांची यादी असावी.

७. मातीच्या भिंतींवर स्लॅब ओतणे आणि मधला खांब काढणे, ही दोन कामे नाव घेऊन मनाई करा. त्यासाठी गावागावांत दवंडी द्यावी लागली तरी द्या.

८. कर्ज, अनुदान आणि घरपट्टीच्या कागदांत ‘पक्के’ ठरवताना सिमेंट दिसते का हे पाहू नका. भिंत कोरडी आहे का, सांधे धरले आहेत का, छत पेलते का, हे पाहा. ही मागणी मी अण्णांच्या वतीने करते आहे. ते तीन वर्षांपूर्वी गेले. आपण केलेल्या गिलाव्याने काय झाले ते त्यांना कळले नाही, आणि आईने मला ते गावात कुणाला सांगू दिले नव्हते. आज तिच्या परवानगीने लिहिते आहे.

मी अर्ज पुन्हा दाखल केला आहे, तिन्ही कामांचा, जसाच्या तसा. सोबत भिंतीचे छेदचित्र, तुळयांची मापे आणि मानकांतली संबंधित पाने जोडली आहेत. आरसीसीचा नकाशा जोडलेला नाही. तोवर आम्ही तिन्ही तुळयांना खालून लोखंडी टेकू दिले आहेत, मागच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा खरवडून ती उघडी ठेवली आहे आणि आईची खाट ओसरीवर आणली आहे. भिंतीतून निघालेल्या तुळईचे टोक आम्ही टाकलेले नाही. ते ओसरीवरच्या कोनाड्यात आहे. आपल्यापैकी कोणीही, कोणत्याही दिवशी, न कळवता घर पाहायला यावे. सकाळी दहाच्या आत आलात तर सुतारमामाही भेटतील.

आपली,
गावठाणातल्या एका नऊ खणी घराची लेक